म्हाळसा: पणजीचे नाव, आजीची अडचण आणि दाखल्यावरून हरवलेला 'ळ'

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावे आणि काही बारीक तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पुण्यात नोकरी करणारे जोडपे. वडिलांचे घर मूळ नगर जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधले, कुलदैवत खंडोबा. आईचे माहेर अकोल्याकडचे. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांना पहिली मुलगी झाली.

एकाच वर्गात तीन-तीन जणींचे असेल असे नाव नको, हे दोघांनी गरोदरपणातच ठरवले होते. मावशीने सुचवलेली 'रियांशी' जातीची नावे आईने पहिल्याच फेरीत बाजूला काढली. 'सूर्याचा अंश' असा अर्थ मावशीने मोबाइलवर दाखवला, पण रवि आणि अंश यांचा संधी केला तर 'रव्यंश' होतो, रेयांश किंवा रियांशी होत नाही. अर्थ आधी ठरवून शब्द मागून बेतलेली अशी नावे हल्ली पुष्कळ आहेत. ठेवायला कुणाची ना नाही, फक्त त्यांना संस्कृत म्हणू नये.

'म्हाळसा' हे नाव सापडले ते शेताच्या सातबाऱ्यावर. जुन्या फेरफारात पणजीची नोंद होती, 'म्हाळसाबाई भ्र.' आणि पुढे पणजोबांचे नाव. 'भ्र.' म्हणजे भ्रतार, नवरा. वडिलांनी तो उतारा आईला दाखवला आणि दोघांचे तिथेच एकमत झाले.

नावाला मुळेही भक्कम. म्हाळसा ही खंडोबाची पहिली बायको, पार्वतीचे रूप; माहेर नेवाशाचे, वाण्याची लेक. सातारा जिल्ह्यातल्या पालला पौषात दोघांचे लग्न अजूनही लागते. गोव्यात म्हार्दोळला जी महालसा आहे ती मात्र मोहिनीरूपातली, विष्णूची. तिचे मूळ ठाणे वेर्ण्याला होते. नेवाशातही मोहिनीराजाचे मंदिर आहेच. म्हणजे नाव एक, कथा दोन आणि उच्चारही दोन: म्हाळसा आणि महालसा. या दुसऱ्या उच्चाराकडे तेव्हा कुणाचे लक्ष गेले नाही. ते जायला हवे होते.

अडचण

विरोध होईल तो मावशीकडून, असे वाटले होते. झाला आजीकडून, म्हणजे वडिलांच्या आईकडून. आजीचा मुद्दा 'जुनाट नाव' हा नव्हता.

"माझ्या सासूचं नाव मी उभ्या जन्मात तोंडानं घेतलं नाही. आता 'म्हाळसे, शी केलीस का' म्हणू?"

हा हट्ट नव्हता. सासू-सासऱ्यांचे नाव सुनेने घ्यायचे नाही, ही शिस्त या पिढीने खरोखर पाळली आहे. सासऱ्यांचे नाव विठ्ठल म्हणून देवाला 'पांडुरंग'च म्हणणाऱ्या बायका अजून आहेत. शिवाय पूर्वजाचे नाव मुलाला ठेवले की मोठ्यांची आणखी एक पंचाईत होते: त्या नावाने रागवायचे कसे? म्हणूनच आजोबा-आजींचे नाव मिळालेल्या पोरांना घरात हमखास बाळू, बबी, छकुली असे दुसरे नाव असते.

मावशीचा आक्षेप साधा होता, पण वजनदार. मराठीत 'म्ह'ने सुरू होणारे रोजचे शब्द किती? म्हणून, म्हातारी, म्हैस. शाळेत पहिल्या आठवड्यात काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको.

तिसरी गोष्ट अकोल्याच्या आजोबांनी नकळत दाखवून दिली. त्यांना नाव पसंत होते. फोनवर ते म्हणाले, "म्हायसा, छान नाव हाये." वऱ्हाडीत ळचा य होतो: काळा 'काया', डोळे 'डोये'. अहिराणीतही तसेच. म्हणजे महाराष्ट्राबाहेर जायच्या आधी, माहेरच्या अंगणातच नावाने रूप बदलले होते.

जोडीला पंचांग होतेच. जन्म हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर. हस्ताची अक्षरे पू, ष, ण, ठ, तिसरे 'ण'. ण ने सुरू होणारे नाव मराठीत नाही. आर्द्रेत ङ आणि उत्तराभाद्रपदेत ञ आला की हाच प्रश्न पडतो. घरात दोन दिवस यावर चर्चा झाली. गुरुजींनी पाच मिनिटांत मिटवली: हस्ताचे चारही चरण कन्या राशीतच येतात, तेव्हा त्याच नक्षत्रातले 'पू' घ्या आणि नावरस नाव 'पूर्वा' ठेवा.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, म्हाळसा सगळीकडे: कागदावर, पाळण्यात, हाकेला. सरळ मार्ग, पण आजीला नातीला हाकच मारता येत नाही.

दुसरा, कागदावर 'मुक्ता' आणि म्हाळसा फक्त बारशापुरते. मुक्ता हे नावही अस्सल, उच्चाराला सोपे, चिडवायला अवघड. हा पर्याय सगळ्यात शहाणपणाचा होता, असे आम्हाला अजून वाटते. आईने तो नाकारला. बारशापुरते ठेवलेले नाव दोन वर्षांत घरातल्यांनाही आठवत नाही, हे तिचे म्हणणे होते आणि ते खोटे नाही.

'गोदावरी' आणि 'कृष्णा' यांवरही बोलणे झाले. कृष्णा आईला फार आवडले होते: नदीचे नाव आणि द्रौपदीचेही. पण महाराष्ट्राबाहेर ते मुलाचे नाव समजतात आणि प्रत्येक अर्जात लिंगाच्या रकान्याशी भांडावे लागते. गोदावरीवर आत्याने ग्रंथाचा आधार काढला. मनुस्मृतीत नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावे असलेल्या मुली लग्नासाठी टाळाव्यात असे आहे. मराठी घरांनी ते कधी मनावर घेतले नाही. नाही तर गोदा, यमुना, रोहिणी, रेवती यांच्यातली एकही नांदली नसती. पारस्कर गृह्यसूत्र मात्र म्हणते की मुलीचे नाव विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे. म्हा-ळ-सा: तीन अक्षरे, शेवटी आ. आत्याने हा मुद्दा म्हाळसाच्या पारड्यात टाकला.

आणखी एक पर्याय होता, जो कुणीच मांडला नाही: नाव घाईने न नोंदवता काही महिने थांबणे. त्याबद्दल पुढे.

निर्णय कसा झाला

आईने तीन दिवस नाव वापरून पाहिले. गॅलरीतून मोठ्याने हाक मारली. 'म्हा' वर जोर बसतो, 'ळ' जिभेवर वळतो, 'सा' लांब जातो. हाक दूरवर पोहोचते. एका हॉटेलच्या काउंटरवर ऑर्डरसाठी हेच नाव सांगितले. पावतीवर 'मलसा' आले आणि पुकारा झाला 'महालसा'. ऑफिसातल्या चार अमराठी सहकाऱ्यांना तिने नाव एकदाच ऐकवून रोमनमध्ये लिहायला सांगितले. चौघांची स्पेलिंगे चार झाली, पण वाचताना तिघांनी 'महालसा'च म्हटले. कारण उघड आहे. हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याच्या जिभेला शब्दाच्या सुरुवातीचा 'म्ह' सवयीचा नाही. तो मध्ये स्वर घालून शब्द सोडवतो.

हा प्रयोग उत्तम होता. त्याचा निष्कर्ष मात्र चुकीचा काढला गेला. दोघांनी त्यावरून ठरवले की लोक शिकतील. खरे तर त्याच संध्याकाळी कागद-पेन घेऊन रोमन स्पेलिंग ठरवायला हवे होते. एम-एच-ए-एल-एस-ए लिहिले तर मराठी माणूस बरोबर वाचतो, बाकीचे अडखळतात. एम-ए-एच-ए-एल-एस-ए लिहिले तर सगळे 'महालसा' वाचतात, आणि तो गोव्यातला शुद्ध, चालू उच्चार आहे. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखे होते. कुणी बोललेच नाही.

आजीची गाठ आत्याने सोडवली. नामकरणात मुळात चार नावे सांगितली आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. म्हाळसा हे व्यावहारिक, पूर्वा हे नाक्षत्र. "तू तिला पूर्वा म्हण, आई. ते पण तिचंच नाव आहे." आजी यावर दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले. घरच्यांनी तोच होकार मानला.

बारसे

बाराव्या दिवशी, घरच्या घरी, तीस माणसांत. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झाले, आत्याने कानात कुर्रर्र केले. ताटात तांदूळ पसरून अंगठीने नावे लिहिताना 'म्हा' दोनदा मोडला, कारण जोडाक्षराची आडवी रेघ ओढली की शेजारचे तांदूळ घरंगळून त्यात येत. शेवटी गुरुजींनी अक्षर मोठे काढले, पूर्ण ताटभर. 'ळ'ची दोन वेटोळी छान उमटली. त्याचा फोटो आहे, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणात नाव शुद्ध असलेला पहिला पुरावा तोच.

कागदावर काय झाले

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ प्रमाणे जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते. दवाखान्यात जन्म झाला असेल तर ती जबाबदारी दवाखान्याची. या २१ दिवसांचा घोळ जवळजवळ प्रत्येक घरात होतो: मुदत जन्म नोंदवण्याची आहे, नाव नोंदवण्याची नाही. जन्माच्या अहवालाच्या नमुन्यात बाळाच्या नावाचा रकाना नाव ठरले नसेल तर कोरा ठेवता येतो. नोंदणी झाल्यापासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते; त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत.

वडिलांना हे माहीत नव्हते. सतराव्या दिवशी त्यांना मुदत आठवली. ते कामावर होते. त्यांनी दवाखान्यात फोन लावला आणि नाव फोनवर सांगितले. पलीकडच्या माणसाला 'म्हा' नीट ऐकू आला नाही. तेव्हा वडील म्हणाले, "म्हशीतला म्ह."

ज्या शब्दाची शाळेच्या नावाने धास्ती घेतली होती, तो पहिल्यांदा घरच्यांनीच वापरला.

समोरच्याने रोमन अक्षरे बरोबर टिपली: एम-एच-ए-एल-एस-ए. देवनागरी रकाना रोमनवरून आपोआप भरला गेला. रोमनमध्ये 'ए' हे अक्षर अ आणि आ दोन्हींसाठी येते. 'एल' हे ल आणि ळ दोन्हींसाठी. यंत्राने दोन्ही ठिकाणी सोपे ते निवडले. दाखला आला: इंग्रजीत अचूक, मराठीत 'म्हलसा'.

वडिलांनी दाखला पाहिला तेव्हा त्यांची नजर इंग्रजी ओळीवर गेली, कारण पुढे पासपोर्टला ती लागणार. आईने जन्मतारीख आणि वेळ तपासली. दाखला फायलीत गेला. मराठी नाव मराठी घरात चार महिने चुकीचे पडून होते.

ते सापडले आजीला. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून तिने फक्त मराठी ओळ वाचली. बोट ठेवून, एकेक अक्षर. "हे कुणाचं नाव आहे?"

दुरुस्ती

बाळाचे आधार अजून काढलेले नव्हते, ही एक गोष्ट नशिबाने बरी झाली. पाच वर्षांखालच्या मुलांचे आधार जन्मदाखल्यावर आणि आई किंवा वडिलांच्या आधारावर निघते. बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो. दाखल्यातले नाव जसेच्या तसे तिकडे उतरते. आणि आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. चूक तिथवर गेली असती तर तान्ह्या मुलीची त्यातली एक संधी 'ळ'पायी खर्ची पडण्याचा धोका होता.

कायद्याच्या कलम १५ खाली निबंधक नोंदीतली चूक दुरुस्त करू शकतात. इथे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखून गेले तर हेलपाटे वाचतात. लेखनातली चूक असेल तर निबंधक खात्री करून स्वतः दुरुस्त करतात. चूक मजकुराची असेल, म्हणजे तथ्यच वेगळे लिहिले गेले असेल, तर खरी हकिगत सांगणारे आणि ती माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह व्यक्तींचे प्रतिज्ञापन लागते. कोणत्याही प्रकारात मूळ नोंद खोडत नाहीत. दुरुस्ती समासात होते आणि निबंधक तिथे सही व तारीख घालतात.

वडिलांनी पहिल्या अर्जात 'नाव बदलणेबाबत' असा विषय लिहिला. तिथेच अडले. नाव बदलणे वेगळे, त्याचा राजपत्राचा रस्ता वेगळा, असे खिडकीवर सांगण्यात आले. त्यात खिडकीवरच्या माणसाचे काही चुकले नाही. अर्ज मागे घेऊन दुसरा दिला: 'देवनागरी लेखनातील चूक दुरुस्त करणेबाबत, इंग्रजी नोंद बरोबर आहे.' सोबत मूळ दाखला, आई-वडिलांचे आधार आणि ज्या दवाखान्यात जन्म झाला तिथले पत्र जोडले. दवाखान्याचे पत्र मिळायलाच सर्वांत जास्त दिवस गेले, कारण तिथे नावाची कुठलीही लेखी चिठ्ठी नव्हती; नाव फोनवर सांगितले होते. एकंदर पाच आठवडे आणि चार चकरा.

नव्या दाखल्यावर 'म्हाळसा' आहे. रोमन स्पेलिंग जे पडले तेच ठेवले. ते कुणी ठरवले, असे विचारले तर खरे उत्तर आहे: फोनच्या पलीकडच्या माणसाने.

काय वेगळे करता आले असते

नावावर घरात दहा दिवस खल झाला, स्पेलिंगवर दहा मिनिटेही नाही. अनवट किंवा जुन्या नावाच्या बाबतीत हा हिशेब उलटा हवा. 'अनुजा' कसेही सांगितले तरी फारसे बिघडत नाही. ळ, ण, ज्ञ, ऋ, म्ह, न्ह यांपैकी एखादे अक्षर नावात असेल तर नाव तोंडी सांगू नये, फोनवर तर नाहीच. एका कागदावर दोन ओळी: वर देवनागरी, खाली रोमन कॅपिटल अक्षरांत, अक्षरे सुटी. खाली आई-वडिलांची नावे त्यांच्या स्वतःच्या आधारावर आहेत तशीच. कागद हातात द्यावा आणि त्याचा फोटो जवळ ठेवावा. सही करण्याआधी भरलेला नमुना वाचायला मागावा, आणि तो वाचायला दोन माणसे न्यावीत: एक इंग्रजी ओळ वाचणारे, एक मराठी.

आई-वडिलांची नावे आता अधिकच महत्त्वाची आहेत. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची नावे राज्याच्या शाळा, परीक्षा, महसूल अशा कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने लिहिली जातात. नाव चार शब्दांचे झाले, चुकायला जागाही चार झाल्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने त्या तारखेपासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्मदाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा झाला आहे; दाखल्यातली चूक आता पूर्वीइतकी दडून राहत नाही.

थांबण्याचा पर्याय वापरायला हवा होता का? या घरात हो. बाराव्या दिवशी बारसे करून नाव चार-सहा महिने तोंडात रुळू द्यायचे, मग निबंधकाकडे स्वतः जाऊन घालायचे. मात्र बाळाला लवकर परदेशी न्यायचे असेल तर ही चैन परवडत नाही. पासपोर्टसाठी नाव असलेला दाखला लागतो.

आजीला आधी विचारायला हवे होते, हे आईने नंतर स्वतःच म्हटले. सातबारा पाहून उत्साहात ठरवलेले नाव आजीला थेट 'ठरलंय' म्हणून सांगण्यात आले. ते तिच्या सासूचे नाव आहे, याचा विचार पणतीच्या बापाने केला नव्हता. घरातल्या दिवंगत व्यक्तीचे नाव ठेवताना, त्या व्यक्तीबरोबर संसार केलेले माणूस अजून घरात असेल तर पहिला प्रश्न त्याला विचारावा.

चिडवण्याचा प्रश्न अजून यायचा आहे. तो सुटला असे कुणी समजू नये.

सध्या

मुलगी बोलू लागली आहे. 'ळ' मुलांना उशिरा येतो, 'म्ह'ही. ती स्वतःचे नाव 'मासा' असे सांगते. अकोल्याचे आजोबा अजून 'म्हायसा' म्हणतात, पाळणाघरातल्या हिंदीभाषक ताई 'महालसा', आत्या जुन्या वळणाने 'म्हाळसेला बोलव' म्हणते तर आई 'म्हाळसाला'. मुलगी या सगळ्यांना ओ देते. 'पूर्वा' या हाकेला मात्र ती वळून बघत नाही. आजीने वर्षभर प्रयत्न करून पाहिला.

हल्ली आजीने तिचेच बोलणे उचलले आहे. ते काही सासूबाईंचे नाव नव्हे. त्यामुळे दुपारी ताटावर बसवताना आजी खुशाल मोठ्याने ओरडते, "ए मासे, आधी भात संपव!"